महाविद्यालयीन हॉकीतून व्यावसायिक झालेल्या खेळाडूंचा मागोवा कसा ठेवावा?

प्रश्न – ॲमहर्स्टचा प्रेक्षक

नमस्कार. अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकी मी नियमितपणे पाहतो आणि त्यातही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संघावर माझा विशेष जीव आहे. २०१९ मध्ये हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिनेसोटा-डुलुथकडून ०-३ असा हरला आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, सेंट क्लाउड स्टेटला ५-० असे नमवून त्याने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या काळातील खेळाडू आता ठिकठिकाणी विखुरले आहेत. केल मकार कोलोरॅडो ॲव्हलांचचा आधारस्तंभ झाला. मारिओ फेरारो सॅन होजे शार्क्सच्या बचावफळीत स्थिरावला. ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, कोणीच निवडले नव्हते तो बॉबी ट्रिविग्नो न्यूयॉर्क रेंजर्सशी करार करून त्यांच्या हार्टफर्ड येथील दुय्यम संघात गेला. बाकीच्यांपैकी काही सर्वोच्च लीग असलेल्या एनएचएलच्या खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये (एएचएल), काही त्याखालच्या ईसीएचएलमध्ये आणि काही युरोपात आहेत.

हे खेळाडू महाविद्यालयात होते तेव्हा त्यांना समजून घेणे सोपे होते, कारण शुक्रवारी आणि शनिवारी सामना असे, सगळे एकाच बर्फावर दिसत आणि कोणाची प्रगती होत आहे हे डोळ्यांना कळत असे. आता माझ्यापर्यंत पोहोचतात ते केवळ गोल आणि सहाय्यांचे आकडे, आणि त्यांतून मला फारसे काही उलगडत नाही. अमुक खेळाडूला एनएचएलमधून एएचएलमध्ये परत पाठवले अशी बातमी येते तेव्हा वाईट वाटते, पण आठवड्याभरात तोच पुन्हा वरच्या संघात दिसतो. महाविद्यालयात गोलांचा पाऊस पाडणारा आघाडीवीर एएचएलमध्ये चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी वेळ मिळणाऱ्या, फळीत खेळतो, तर महाविद्यालयात फारसा नजरेत न भरलेला बचावपटू एनएचएलमध्ये टिकून राहतो. यामागची कारणे मला समजून घ्यायची आहेत.

माझा प्रश्न असा की एखाद्या माजी महाविद्यालयीन खेळाडूची व्यावसायिक वाटचाल नीट समजून घ्यायची असेल तर नेमके कशाकडे पाहावे, त्याला किती काळ द्यावा, आणि जे एनएचएलपर्यंत पोहोचत नाहीत त्यांच्या कारकिर्दीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – निळी रेषा

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर बर्फावर शोधण्याआधी कागदावर शोधावे लागते, असे माझे ठाम मत आहे. खेळाडू कोणत्या संघात आहे यापेक्षा त्याचा करार कोणत्या प्रकारचा आहे, तो किती वर्षांचा आहे आणि त्याला खाली पाठवताना संघाला काही धोका पत्करावा लागतो का, हे आधी पाहावे. निम्म्या बातम्यांचा अर्थ तेवढ्याने लागतो.

सुरुवात ड्राफ्टपासून करू. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या असतात आणि निवड झालेला खेळाडू बहुधा अठरा वर्षांचा असतो. महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत निवड आणि करार यांच्यामध्ये कित्येक वर्षे जाऊ शकतात, कारण व्यावसायिक करारावर सही केली की महाविद्यालयीन पात्रता संपते. म्हणून त्याचे हक्क एका संघाकडे असतात आणि तो मात्र शिकत आणि खेळत राहतो. या व्यवस्थेतून खेळाडूच्या हाती एक मोठे साधन आले होते. चार वर्षे पूर्ण करूनही त्याने करार केला नाही, तर १५ ऑगस्टला संघाचा हक्क संपे आणि तो कोणाशीही करार करायला मोकळा होई. हार्वर्डचा जिमी व्हीसी याचे ठळक उदाहरण आहे. नॅशव्हिलने त्याला २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडले होते, २०१६ मध्ये त्याने महाविद्यालयीन हॉकीचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान असलेला होबी बेकर पुरस्कार मिळवला, नॅशव्हिलशी करार करायला नकार दिला, नॅशव्हिलने त्याचे हक्क बफलोला दिले, आणि तरीही तो ऑगस्टपर्यंत थांबून रेंजर्सकडे गेला. पुढच्याच वर्षी डेन्व्हरचा होबी बेकर विजेता विल बुचर याने कोलोरॅडोऐवजी न्यू जर्सीची निवड केली. आपला आवडता खेळाडू चौथ्या वर्षीही करार न करता थांबला असेल तर त्यामागे संकोचच असेल असे नाही, पुष्कळदा त्यामागे विचार असतो.

त्यानंतर येतो प्रवेश-पातळीचा, म्हणजे एनएचएल संघाशी होणारा पहिला, करार. तो किती वर्षांचा असावा हे वय ठरवते. अठरा ते एकवीस वर्षांच्या खेळाडूला तीन वर्षांचा, बावीस आणि तेवीस वर्षांच्या खेळाडूला दोन वर्षांचा आणि चोवीस वर्षांच्या खेळाडूला एक वर्षाचा करार मिळतो. चार वर्षे महाविद्यालयात काढलेल्या खेळाडूला स्वतःला सिद्ध करण्यासाठी कमी मुदत मिळते ती यामुळेच, आणि त्याच्या पहिल्या व्यावसायिक हंगामाचे वजन म्हणूनच अधिक असते.

वसंत ऋतूत होणारे करार आणखी बारकाईने वाचावेत. महाविद्यालयीन हंगाम एप्रिलमध्ये संपतो, त्या वेळी एनएचएलचा नियमित हंगाम शेवटच्या टप्प्यात असतो. खेळाडूने लगेच करार करून वरच्या संघाकडून एखादा सामना जरी खेळला, तरी कराराचे पहिले वर्ष खर्ची पडते आणि पुढचा, मोठ्या रकमेचा करार एक वर्ष अलीकडे येतो. मकारच्या बाबतीत हेच घडले. २०१९ मध्ये त्याला एप्रिलच्या १२ तारखेला होबी बेकर पुरस्कार मिळाला, १३ तारखेला तो आपण उल्लेख केलेला अंतिम सामना हरला, आणि १५ तारखेला कॅल्गरीविरुद्ध स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या, प्लेऑफमध्ये पदार्पण करून त्याने गोलही केला. त्याचा तीन वर्षांचा करार त्यामुळे २०२१ मध्येच संपला. जॉनी गॉड्रो याने २०१४ मध्ये बोस्टन कॉलेज सोडल्यावर कॅल्गरीकडून हंगामाच्या शेवटच्या सामन्यात असेच पदार्पण केले होते आणि त्यानेही पहिल्याच सामन्यात गोल केला होता. ज्या खेळाडूला संघ त्याच वेळी फक्त एएचएलमध्ये हौशी चाचणी करारावर घेतो आणि मुख्य करार पुढच्या हंगामापासून लागू करतो, त्याच्यावर संघाचा विश्वास कमी आहे असे मानण्याचे कारण नाही. मात्र वाटाघाटीत त्याचा हात तितका वर नव्हता, एवढा निष्कर्ष काढता येतो.

आता आपल्याला वाईट वाटायला लावणाऱ्या त्या बातमीकडे येतो. एनएचएल संघाच्या नोंदवहीत एका वेळी २३ खेळाडू आणि एकूण ५० करार असू शकतात. अनुभवी खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचे असेल तर त्याला आधी वेव्हर्सवर ठेवावे लागते, म्हणजे इतर प्रत्येक संघाला त्याला उचलून घेण्याची संधी द्यावी लागते. नवख्या खेळाडूला यातून काही काळ सूट असते. उदाहरणार्थ, बाविसाव्या वर्षी करार केलेल्या खेळाडूला तीन वर्षे किंवा एनएचएलचे ७० सामने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत. याचा परिणाम असा होतो की दोन खेळाडूंपैकी एकाला खाली पाठवायची वेळ आली तर सूट असलेल्या तरुणालाच पाठवले जाते, मग तो दोघांमध्ये सरस का असेना, कारण दुसरा गमावण्याची भीती असते. वेतनमर्यादेचा हिशेब दिवसागणिक होत असल्यामुळे सामने नसलेल्या दोन दिवसांसाठीही खेळाडूला कागदोपत्री खाली पाठवून परत बोलावण्याची पद्धत होती. खाली पाठवणे हा खेळाडूच्या गुणवत्तेवरचा निकाल क्वचितच असतो. ही सूट संपल्यानंतरच्या पहिल्या सराव शिबिरात त्याच्या बाबतीत काय होते, त्याला खरा निकाल म्हणता येईल. आपल्या खेळाडूंपैकी कोणाची सूट कधी संपते ते लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती नोंद फार उपयोगी पडते.

फेरिस स्टेटचा ख्रिस क्युनिट्झ यातून गेला आहे. ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या या खेळाडूशी अॅनाहाइमने २००३ मध्ये करार केला, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये वेव्हर्सवरून अटलांटाने त्याला उचलले, आणि त्याच महिन्यात अटलांटाने सोडताच अॅनाहाइमने त्याला परत घेतले. त्या महिन्यातील बातम्या वाचून कोणी त्याच्यावरची नजर काढून घेतली असती, तर पुढचे चार स्टॅनले कप त्याच्या ध्यानात आले नसते.

उत्तर २ – क्रीझमधून

वरील उत्तर सविस्तर आहे, तरी ते मुख्यतः आघाडीवीर आणि बचावपटू यांना लागू पडते. गोलरक्षकांचा मागोवा ठेवण्याची रीत वेगळी असावी लागते, कारण त्यांच्या वाटेवर जागाच कमी आहेत. एका संघात बर्फावर बारा आघाडीवीर आणि सहा बचावपटू उतरतात, पण गोलजाळ्यात एकच जण उभा राहतो. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे जगभरात पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाच्या जागा ३२ इतक्याच आहेत. म्हणून गोलरक्षकाला एएचएलमध्ये दोन-तीन पूर्ण हंगाम खेळताना पाहून अस्वस्थ होऊ नये. त्याला तेथे सामने मिळत आहेत की नाहीत, याकडे लक्ष ठेवावे. वरच्या संघात राखीव म्हणून बसून राहिलेला तरुण गोलरक्षक माझ्या दृष्टीने अधिक काळजीचा विषय आहे.

आपल्याच विद्यापीठाचा जॉनथन क्विक पाहा. लॉस एंजेलिसने त्याला २००५ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडले. महाविद्यालय सोडल्यावर पहिल्या व्यावसायिक हंगामात तो ईसीएचएलमधील रेडिंग आणि एएचएलमधील मँचेस्टर या दोन्ही संघांकडून खेळला. २०१२ मध्ये स्टॅनले कप जिंकताना प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ पुरस्कार त्याच क्विकला मिळाला. त्याच राज्यातील लोवेल येथील संघाचा कॉनर हेलेबक २०१२ मध्ये पाचव्या फेरीत, १३० व्या क्रमांकावर निवडला गेला होता. दोन वर्षे महाविद्यालयात खेळून तो विनिपेगच्या व्यवस्थेत आला, २०१४-१५ चा हंगाम त्याने एएचएलमध्ये काढला, आणि पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना पुरस्कार २०२०, २०२४ आणि २०२५ असा तीनदा मिळवला. २०२५ मध्ये तर लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट पुरस्कारही त्याच्याकडे आला.

तथापि गोलरक्षकाला किती काळ द्यावा, या आपल्या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे उत्तर व्हरमाँट विद्यापीठाच्या टिम थॉमसकडे आहे. त्याची निवड १९९४ मध्ये २१७ व्या क्रमांकावर झाली. १९९७ मध्ये महाविद्यालय संपल्यावर तो फिनलंड, स्वीडन आणि अमेरिकेतील दुय्यम लीग यांच्यात फिरत राहिला. बोस्टन ब्रुइन्सच्या गोलजाळ्यात तो नियमितपणे दिसू लागला तो २००५-०६ च्या हंगामात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्यानंतर दोन व्हेझिना पुरस्कार, आणि २०११ मध्ये स्टॅनले कप आणि कॉन स्मिथ पुरस्कार. विशेष म्हणजे व्हरमाँटमध्ये त्याच्या पुढे खेळणारा मार्टिन सेंट लुई यालाही, बेताच्या उंचीमुळे, कोणी ड्राफ्टमध्ये निवडले नव्हते. त्याने २००४ मध्ये टँपा बेकडून हार्ट पुरस्कार आणि स्टॅनले कप एकाच हंगामात मिळवले, आणि २०१८ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हे दोघे १९९६ मध्ये व्हरमाँटला राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत घेऊन गेले होते. त्या संघाचा चाहता असणे ही किती दीर्घ आणि समृद्ध गोष्ट ठरली असेल, याचा मला हेवा वाटतो.

एक व्यावहारिक सूचना. ॲमहर्स्टचा गोलरक्षक मॅट मरे, जो पुढे डॅलसकडून एनएचएलमध्ये खेळला, आणि पिट्सबर्गबरोबर २०१६ आणि २०१७ चे स्टॅनले कप जिंकणारा मॅट मरे हे दोन वेगळे खेळाडू आहेत. बातम्या शोधताना नावाबरोबर संघाचे आणि महाविद्यालयाचे नावही तपासावे.

उत्तर ३ – तिसरी जोडी

महाविद्यालयात गोलांचा पाऊस पाडणारा खेळाडू वर जाऊन चौथ्या फळीत का खेळतो, या आपल्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

महाविद्यालयीन संघाचे वेळापत्रक साधारण पस्तीस ते चाळीस सामन्यांचे असते. ते बहुतेक शुक्रवार-शनिवारच्या आसपास येतात आणि मधले दिवस सरावाला आणि व्यायामशाळेला मिळतात. एएचएलमध्ये ७२ सामने असतात आणि कधीकधी तीन दिवसांत तीन सामने बसप्रवासासह खेळावे लागतात. प्रतिस्पर्धी तीस वर्षांचे, अंगाने भरलेले व्यावसायिक असतात. पहिल्या व्यावसायिक हंगामात जानेवारीच्या सुमारास महाविद्यालयीन खेळाडूचे आकडे खाली येताना दिसतात, ते पुष्कळदा या थकव्यामुळे. म्हणून पहिल्या हंगामाच्या एकूण आकड्यांपेक्षा दुसऱ्या हंगामाची सुरुवात पाहावी. शरीराने आणि सवयीने जुळवून घेतले की नाही, ते तेथे दिसते.

दुसरे असे की महाविद्यालयातील सर्वोत्तम आघाडीवीराचे बरेच गुण (गोल आणि सहाय्य) पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, आलेले असतात. एनएचएल संघात पॉवर प्लेच्या पहिल्या गटात पाच जागा असतात आणि त्या आधीच भरलेल्या असतात. त्यामुळे या खेळाडूला वर राहायचे असेल तर त्याला दुसरे काही तरी करून दाखवावे लागते. संघ एका खेळाडूने कमी असताना बचाव करणे (पेनल्टी किल), आपल्या क्षेत्रातील फेसऑफ, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना होणारी पकसाठीची झुंज, जिंकणे, बोर्डाजवळ पक (खेळातील चकती) सोडवून बाहेर काढणे ही ती कामे. एएचएलचा प्रशिक्षक त्याला चौथ्या फळीत किंवा पेनल्टी किलवर उतरवतो तेव्हा तो त्याला वरच्या संघातील संभाव्य कामासाठी तयार करत असण्याची शक्यता मोठी असते. गोलांच्या यादीत हे दिसत नाही. सामन्याच्या अहवालात बर्फावरचा वेळ, तो कोणत्या परिस्थितीत मिळाला आणि आघाडी राखायची असताना शेवटच्या दोन मिनिटांत कोण उतरले, एवढे पाहिले तरी प्रशिक्षकाचे मत कळते. महाविद्यालयात फारसा नजरेत न भरलेला बचावपटू टिकतो त्याचेही कारण हेच आहे. त्याचे काम वर गेल्यावर बदलत नाही. आपण नाव घेतलेला फेरारो गुणतक्त्यात कधीच ठळक नव्हता, तरीही त्याला वर्षानुवर्षे भरपूर वेळ बर्फावर मिळत आला.

क्युनिट्झचा उल्लेख वर आला आहे. पिट्सबर्गमध्ये तो सिडनी क्रॉस्बीच्या बाजूला खेळून भरघोस गोल करत असे, आणि २०१७ पर्यंत त्याची जागा खालच्या फळीकडे सरकली होती, तरीही त्याने त्या वर्षी ओटावाविरुद्धच्या सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा वेळेत निर्णायक गोल केला. कामाचे स्वरूप बदलूनही टिकून राहणे हे व्यावसायिक हॉकीतील सर्वांत अवघड कौशल्य आहे, असे मला वाटते.

आता एनएचएलपर्यंत न पोहोचणाऱ्यांविषयी. एएचएलचा एक नियम माहीत असेल तर त्यांची पुढची वाट समजते. सामन्यात उतरणाऱ्या १८ खेळाडूंपैकी, गोलरक्षक सोडून, १३ जण विकसनशील गणले जाणारे असावे लागतात. त्यांपैकी बारा जणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा त्याहून कमी आणि एकाचे ३२० किंवा त्याहून कमी असावे लागतात. म्हणजे अनुभवी खेळाडूंसाठी पाचच जागा उरतात. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी, चार-पाच हंगाम चांगले खेळलेला माजी महाविद्यालयीन खेळाडू एकाएकी जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वीडनमध्ये गेल्याचे दिसते त्यामागे बहुधा हा हिशेब असतो. युरोपातील बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, त्यामुळे ज्याला तेथे जागा मिळते त्याच्याकडून संघ पहिल्या फळीत खेळण्याची आणि गोल करण्याची अपेक्षा ठेवतात. महाविद्यालयात आपण ज्या रूपात त्याला पाहिले होते, त्या रूपात तो तेथे पुन्हा दिसतो. मी अशा खेळाडूंचे सामने आवर्जून पाहतो आणि त्यांच्या कारकिर्दीला अपुरी म्हणायला तयार नाही.

ॲमहर्स्टचा प्रेक्षक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वेव्हर्समधील सूट आणि एएचएलचा तेरा खेळाडूंचा नियम या दोन गोष्टींमुळे माझ्या यादीतील निम्म्याहून अधिक हालचालींचा उलगडा झाला. आणखी दोन शंका आहेत. महिला खेळाडूंसाठी हीच रीत वापरता येईल का? आणि कॅनडातील मेजर ज्युनिअर खेळाडूंना आता महाविद्यालयात खेळता येते, त्याचा या सगळ्यावर काय परिणाम होईल?

उत्तर ४ – मधले वर्तुळ

महिलांच्या हॉकीत महाविद्यालय आणि व्यावसायिक लीग यांचे नाते अधिक थेट आहे, पण तेथे दुसऱ्याच गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग २०१९ मध्ये बंद पडली. २०१५ मध्ये सुरू झालेली दुसरी लीग २०२३ मध्ये विकत घेऊन थांबवण्यात आली. त्यानंतर उभी राहिलेली महिलांची व्यावसायिक लीग पीडब्ल्यूएचएल १ जानेवारी २०२४ रोजी पहिला सामना खेळली. त्याआधीच्या पिढीतील कित्येक उत्तम महाविद्यालयीन खेळाडूंना पदवीनंतर नोकरी सांभाळून खेळावे लागले किंवा खेळ सोडावा लागला. कॅनडाची मारी-फिलिप पूलां बोस्टन विद्यापीठाची आणि अमेरिकेची हिलरी नाइट विस्कॉन्सिनची. या दोघी इतकी वर्षे टिकल्या त्यात त्यांच्या जिद्दीचा आणि राष्ट्रीय संघांच्या पाठबळाचा मोठा वाटा आहे.

नव्या लीगचा पहिला ड्राफ्ट सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. त्यात मिनेसोटा विद्यापीठाची टेलर हायझी पहिल्या क्रमांकावर निवडली गेली, मिनेसोटाच्याच व्यावसायिक संघात गेली आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान घेऊन आली. २०२४ मध्ये प्रिन्स्टनची सारा फिलियर आणि २०२५ मध्ये कोलगेटची क्रिस्टिना कल्तोउनकोव्हा यांची पहिल्या क्रमांकावर निवड झाली. दोघींनाही न्यूयॉर्कने घेतले. या लीगमधील बहुसंख्य खेळाडू अमेरिकन महाविद्यालयांतूनच आलेल्या असल्यामुळे जो महाविद्यालयीन हॉकी पाहतो त्याला येथे जवळजवळ प्रत्येक संघात ओळखीची नावे सापडतात.

परंतु एएचएलसारखी दुसरी पायरी येथे नाही. ज्या खेळाडूला २३ जणींच्या संघात जागा मिळत नाही तिला राखीव म्हणून थांबावे लागते किंवा युरोपात जावे लागते. त्यामुळे पुरुष खेळाडूंबाबत वर सुचवलेला काही हंगाम वाट पाहण्याचा सल्ला येथे तसाच लागू करता येत नाही. महिला खेळाडूच्या बाबतीत पहिल्या शरद ऋतूतील सराव शिबिर फार निर्णायक ठरते. सुरुवातीच्या सहा संघांत २०२५-२६ पासून सिॲटल आणि व्हँकुव्हर यांची भर पडली, तेव्हा एका फटक्यात पन्नासाच्या आसपास जागा निर्माण झाल्या. संघांची संख्या वाढण्याची बातमी मला म्हणूनच कोणत्याही विजेतेपदाच्या बातमीपेक्षा मोठी वाटते.

उत्तर ५ – निळी रेषा

मेजर ज्युनिअरच्या प्रश्नाविषयी. पश्चिम कॅनडा, ऑन्टॅरिओ आणि क्युबेक येथील तीन मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला पूर्वी व्यावसायिक मानले जाई आणि त्याला महाविद्यालयाचे दार बंद असे. सोळाव्या-सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय परत फिरवता येत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला. मेजर ज्युनिअरमध्ये मेडिसिन हॅटकडून खेळणारा गॅव्हिन मकेना त्याच उन्हाळ्यात पेन स्टेटमध्ये गेला.

माझ्या अंदाजाने याचे दोन परिणाम होतील. सर्वोत्तम खेळाडू महाविद्यालयात एक-दोन वर्षेच राहतील, म्हणजे त्यांची ओळख होते न होते तोच ते वर जातील. मॅक्लिन सेलेब्रिनी बोस्टन विद्यापीठात एकच हंगाम खेळला, होबी बेकर पुरस्कार मिळवला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच वेळी मेजर ज्युनिअरचा काळ संपलेले वीस-एकवीस वर्षांचे खेळाडूही महाविद्यालयात येऊ लागतील आणि तिसऱ्या-चौथ्या फळीतील जागांसाठी चुरस वाढेल. ड्राफ्टमध्ये न निवडलेला, चार वर्षे एकाच ठिकाणी राहून हळूहळू घडणारा ट्रिविग्नोसारखा खेळाडू यापुढे कमी दिसेल की काय, ही माझी खरी चिंता आहे. महाविद्यालयीन हॉकीचे सर्वांत मोठे योगदान मला त्या खेळाडूंमध्ये दिसते.

आपल्या यादीत खेळणे थांबवलेल्यांसाठीही एक रकाना ठेवावा, असे सुचवतो. डेव्हिड कार्ल याला हृदयविकारामुळे २००८ मध्ये महाविद्यालयीन कारकीर्द सुरू होण्याआधीच खेळ सोडावा लागला. तरीही टँपा बेने त्याला सातव्या फेरीत सन्मानाने निवडले आणि डेन्व्हरने त्याला प्रशिक्षकांच्या चमूत सामावून घेतले. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याने २०२२ आणि २०२४ मध्ये डेन्व्हरला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. मॅथ्यू गॉड्रो हा जॉनीचा धाकटा भाऊ. तोही बोस्टन कॉलेजचाच. तो एएचएल आणि ईसीएचएलमध्ये खेळला आणि नंतर न्यू जर्सीतील ज्या शाळेत दोघे भाऊ शिकले तेथे मुलांना हॉकी शिकवू लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये सायकलवरून जाताना एका मोटारीच्या धडकेत दोघांचाही मृत्यू झाला. त्या दिवसांत मॅथ्यूने शिकवलेली मुले जे बोलली ते ज्यांनी ऐकले, त्यांना ईसीएचएलपर्यंतच्या कारकिर्दीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वर्षभरात लक्ष ठेवण्याच्या वेळा अशा आहेत. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये महाविद्यालयातून होणारे करार, जूनअखेरचा ड्राफ्ट, १ जुलैपासून मुक्त खेळाडूंचे करार, सप्टेंबरमधील नवोदितांची शिबिरे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीची वेव्हर्सची यादी. युरोपातील संघ आपले परदेशी खेळाडू बहुतांशी मे ते जुलै या काळात निश्चित करतात, म्हणून जुलै उलटूनही उत्तर अमेरिकेत करार न झालेल्या खेळाडूचे नाव तेथे शोधावे.